बाईंना दिसेल असा प्रकाश

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, तर वत्सला ठोंबरे बाईंचे. हे नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढे हात कुठे अडखळेल ते मला माहीत नाही. पेणच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो, आणि काही आठवड्यांपूर्वी रोह्याला, राहत्या घरी, त्या गेल्या. डोलवीला कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी सकाळची शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. फोन माईंचा होता. माई म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. बाईंनी लग्न केलं नाही. भाऊ गेल्यानंतर त्या घरात नणंद-भावजय दोघीच राहत होत्या. माईंनी एवढंच सांगितलं, “हरेश, वत्सू गेली रे. टाकीकडं तोंड करून होती.”

आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीला लागून. वडील मिठागरात कामाला. दहावीनंतर मीही त्यांच्याबरोबर जायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. निकाल लागला त्या आठवड्यात बाई मिनीडोरमध्ये बसून, पुढचा चिखलाचा रस्ता चालत आमच्या दारात आल्या. आईची धांदल उडाली. वडील म्हणाले, “बाई, शिकून शिकून पोरगा येनार मिठागरातच.” बाई म्हणाल्या, “येऊ दे की. पण मीठ कसं होतं ते तुम्हाला समजावून सांगेल.” वडील म्हणाले, “ते आमाला ठावं हाय बाई. उन्हानं होतं.” बाईंना इतकं हसू आलं की बशीतला चहा सांडला. पण उठल्या त्या माझा कॉलेजचा प्रवेश पक्का करूनच. वडिलांना त्यांनी कसं पटवलं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांनी पटवलंच नाही. दुसरं काही होऊ शकेल असं त्यांच्या बोलण्यात कुठे आलंच नाही.

वर्गात बाईंनी आम्हाला प्रवाळ शिकवलं ते फळ्यावर गुलाबी खडूने काढून. जिवंत प्रवाळ त्यांनी स्वतः पहिल्यांदा पाहिलं निवृत्तीनंतर, मुंबईतल्या एका दुकानाच्या काचेत. त्या दिवशी त्या दुकानात इतका वेळ उभ्या राहिल्या की दुकानदाराने खुर्ची दिली, असं त्या सांगायच्या. मग रोह्याच्या घरी पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली. समुद्रातून तोडलेलं काही घ्यायचं नाही हा त्यांचा हट्ट होता; परदेशात टाकीतच वाढवलेले, रीतसर कागदपत्रांसह आलेले मऊ प्रवाळांचे चारपाच तुकडे त्यांनी आणले. एक अळंबीसारखं चपटं, एक हाताची बोटं हलवल्यासारखं डोलणारं. टाकीसाठी खास मीठ बादलीतून यायचं. माझे वडील एकदा ते पाहायला आले आणि दारातच म्हणाले, “आमच्या पाठीमागं आख्खी खाडी हाय, नि बाई मीठ इकत आनतात.” बाईंनी त्यांना शेजारी बसवून समजावलं की खाडीच्या गढूळ पाण्यात हे जगत नाही. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. “भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो,” बाई म्हणाल्या. “म्हणून या टाकीत दिवा महत्त्वाचा. कमी पडला तर उपासमार, जास्त झाला तर भाडेकरू घर सोडून जातात आणि घर पांढरं पडतं.” वडिलांनी मान डोलावली आणि परतताना मला विचारलं, “यवढ्याशा जीवाला रात तरी हाय का?” आहे, म्हटलं. रोज दिवा बंद होतो.

बाईंना मधुमेह जुना होता. आधी डोळ्यांचा पडदा गेला, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. शिफ्ट जुळेल तेव्हा मी त्यांना घेऊन जायचो. डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं. मी विज्ञानाचा पदवीधर, मला ते समजलंही. समजलं म्हणून काहीच बदललं नाही... त्याच दिवसांत टाकीवरच्या दिव्याच्या जुन्या नळ्या एकेक करून गेल्या. तशा नळ्या आता मिळत नाहीत, एलईडी घ्या, असं दुकानातून सांगण्यात आलं. हा दिवा मी निवडावा असं बाईंनी ठरवलं. त्यांच्यासाठी मला करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून मी जिवाचं रान केलं. दुकानदार म्हणाला, निळा घ्या, प्रवाळाला निळाच मानवतो, रंगही झगमगतात. या छंदातल्या ज्यांना ज्यांना विचारलं ते हेच म्हणाले. मी एक दिवा परत करण्याच्या बोलीवर आणला आणि लावला. टाकीत हिरवे, नारिंगी रंग असे उजळले की मी बघत राहिलो. बाई खुर्चीत बसून होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “लावलास का रे?”

निळ्या उजेडात त्यांना टाकी दिसतच नव्हती. काचेमागे काळं पाणी आहे, एवढंच कळत होतं. पांढरा प्रखर उजेड असेल तर डोलणाऱ्या बोटांची हालचाल त्यांना जाणवायची. पण तसला उजेड दिवसभर ठेवला तर जुन्या मंद नळ्यांना सरावलेलं प्रवाळ भाजून निघालं असतं. मी पुन्हा पुन्हा मुंबईला गेलो. शेवटी दोन बटणांचा दिवा मिळाला, एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं. दोन्ही हवे तितके कमी-जास्त करता येतात. तो मी नेहमीपेक्षा उंच टांगला, वेळेवर आपोआप चालू-बंद होईल असा जोडला. दिवसभर मंद निळा, आणि संध्याकाळी बाई खुर्चीत येऊन बसल्या की थोडा वेळ पांढरा. तेवढा प्रवाळ सोसेल असा माझा अंदाज होता, आणि त्याने सोसलंही. बाई काचेला नाक लावून बसायच्या. माई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “गो वत्सू, माशानं मुका घेतला काय?” बाई म्हणायच्या, “वैनी, तू जळू नको.” पांढरं बटण पुढे पुढे माईच फिरवायच्या. “तिला पांढऱ्यात दिसतं,” हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

बाई गेल्या त्या दिवशी मी स्मशानापर्यंत होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुढच्या खोलीत, जिथे बाईंना ठेवलं होतं त्या जागी, तेलाचा दिवा तेवत होता. आमच्याकडे दहा दिवस तो विझू देत नाहीत. आणि टाकीवर पांढरा उजेड पूर्ण प्रखर लागलेला होता. आपोआप बंद होण्याची सोय माईंनी काढून टाकली होती. बाई गेल्या तेव्हापासून तो तसाच, दिवसरात्र.

मी म्हटलं, “माई, हा बंद करूया. टाकीतल्या जिवांना रात्र लागते.”

माई तेलाच्या दिव्यात वात सारत होत्या. म्हणाल्या, “असू दे रे. या दिव्याचं तिला कुठं दिसायचं? पांढऱ्यातच दिसायचं. जाईल तवा बघत जाईल.”

माझा हात बटणापर्यंत गेला होता. प्रवाळाचं काय होणार ते मला पायरीपायरीने माहीत होतं, बाईंनीच शिकवलेलं. पण ज्या माईंनी पोरक्या नणंदेला लेकीसारखं वाढवलं, त्यांच्यासमोर ते मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? बाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार करत उभा राहिलो. दोन्ही उत्तरं त्यांचीच वाटली. हात खाली घेतला.

तेराव्याला गेलो तेव्हा अळंबीसारखं प्रवाळ कागदासारखं पांढरं झालं होतं. बोटं आखडून गेली होती. माई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “बघ रे, कशी जाईसारखी झाली. फुलली काय?” मी म्हटलं, “व्हय माई, फुलली.” माई आता लेकाकडे कोलाडला गेल्या आहेत, रोह्याचं घर बंद आहे आणि टाकी माझ्या पेणच्या घरी आहे. माईंना लिहिता-वाचता येत नाही. हे त्यांना कोणी वाचून दाखवू नये, एवढी वाचकांना विनंती.

टाकी आणली त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं आणि पेणच्या पोस्टात टाकलं. दुसऱ्या कुणाला विचारावं ते सुचलं नाही. ते असं:

ती. बाईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.
टाकी सुखरूप पोचली. खडकाच्या सावलीत मागच्या बाजूला एक तुकडा होता, नखाएवढा, तो अजून तपकिरी आहे. बाकी सगळे पांढरे. निळा अगदी मंद ठेवून थोडाच वेळ लावतो. पांढरा लावत नाही. पण त्यामुळे उपाशी राहील का, की वाढवला तर हाही जाईल, ते कळत नाही. पुस्तकात दोन्ही लिहिलं आहे. वडील येऊन बसतात आणि बघतात. माईंना मी जे सांगितलं ते बरोबर होतं का, हे विचारायचं होतं, पण ते राहू द्या.
फक्त उजेड किती ठेवू, तेवढं कळवा.
आपला,
हरेश