कार्डातली मोळीवाली

तलासरीच्या जंगलात बिबट्याचे फोटो काढतो, असं मी त्या काळात ऐटीत सांगत असे. खरं म्हणजे मी शेळ्यांचे फोटो काढत असे. शेळ्या, हलणारी फांदी, आणि चालू झाला की नाही म्हणून कॅमेऱ्यात डोकावणारा माझाच चेहरा. झाडाला पट्ट्यानं बांधलेला हा कॅमेरा समोरून काहीही गेलं की आपोआप फोटो घेतो. बिबट्याच पाहिजे असा त्याचा हट्ट नसतो. दर आठवड्याला मसोली गावातल्या माझ्या खोलीतून मोटारसायकलवर निघायचं, सेल बदलायचे, फोटोंचं कार्ड काढायचं, शेळ्या बघायच्या. तीन वर्षं हेच. पाठ अजून बोलते.

एकदा दोन महिन्यांनी बिबट्या सापडला. अख्खा, मान वळवून बघणारा. त्याच कार्डात एक बाई मात्र रोज होती : डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयता. मी पाड्यावरच्या टपरीत चहा पिताना पचकलो, "बिबट्या एकदाच आला, पण तुमची मोळीवाली रोज हजेरी लावते!" सगळे हसले. महिनाअखेरीस फोटो वनखात्याला द्यायचे असतात, हेही मीच वर सांगितलं.

दुसऱ्या सकाळी कार्ड परत लावायला कॅमेऱ्याशी पोचलो तर ती उभी. साठीच्या पुढची. आज डोक्यावर मोळी नव्हती.

"त्या डब्यात मी हाय?"

"आहात, मावशी. पण माणसांचे फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही. आधी पुसतो."

"मग टपरीत कसा बोललास?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा उगाच घट्ट केला.

"जंगलवाला बघल नि कोयता नेल. मागं एक नेला त्यानं. मग चूल कशावर पेटवू, तुझ्या सेलांवर?"

मोटारसायकलच्या सीटवर लॅपटॉप उघडला, कार्ड घातलं आणि तिच्यासमोर एकेक फोटो पुसायला लागलो.

"अजून हाय. ती पाठमोरी पण मीच."

ऊन चढलं. मी कंटाळलो. तिचे उरलेले फोटो एकदम निवडावेत म्हणून बोट फिरवलं, ते सगळ्या कार्डावरून फिरलं. पुसायचं का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हटलं. शेळ्या, फांद्या, बिबट्या, सगळं साफ. आधी कॉपी करून ठेवायची शिस्त मी इतरांना शिकवत असे.

मी तिथंच बसलो.

"काय झालं?"

"बिबट्या पण गेला, मावशी."

"बरं झालं. त्यानं तरी कुठं सांगितलं होतं, माझा काढ म्हणून?"

संध्याकाळी आमच्या संस्थेच्या साहेबांना फोन केला. त्यांनी पुरेसं झापलं, मग म्हणाले, "पुसलेलं परत मिळवता येतं. कार्ड इकडे पाठव." येतं, मलाही माहीत होतं. पण बिबट्या परत आला तर मागोमाग मोळीही येणार. कार्ड पार बिघडलंय, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं. जुन्यावर नवे फोटो बसू देत.

कॅमेरा मात्र तिनं दाखवलेल्या झाडावर हलवला. "इथं बांध. इथून आमच्यातलं कोण जात नाय." बिबट्यालाही काटेकुटे टाळून मळलेल्या वाटेनंच जायला आवडतं, हे मला ठाऊक होतं. तरी बांधला. उन्हाळाभर कार्डात फक्त हलणारी फांदी आली, तिथून कुणीच गेलं नाही.