ठेवायला दिलेला वरवंटा

माझ्या मुलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी असं उघडकीला आलं, की मी तिचा गोप्या विकून बसलोय.

गोप्या म्हणजे वरवंटा. बारशाला त्याला झबलं-कुंची घालतात, बायका 'घ्या', 'द्या' करत पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, त्याला आधी आत निजवतात आणि मग खऱ्या बाळाचा नंबर लागतो. आता कुवेतमध्ये वरवंटा कुठून आणणार? म्हणून सासूबाईंनी तो साताऱ्याहून मुंबईला आणि तिथून बोटीने, जवळजवळ मांडीवर घेऊनच आणला होता. (बंदरावर कस्टमवाल्याने विचारलं, "ये क्या है?" सासूबाई म्हणाल्या, "नातवंडासाठी आहे." त्याने पुढे काही विचारलं नाही.)

आमच्या लग्नाला सात वर्षं झाल्यावर हे लेकरू झालेलं. त्यामुळे सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, आधी गोप्या, मग बाळ. पोर दगडासारखी टणक राहिली पाहिजे. बाकी पेढे नसले, पाहुणे नसले, जावई नसला तरी त्यांची हरकत नव्हती.

चूक माझी नव्हती, मराठी भाषेची होती. अहमदीत, म्हणजे कुवेतमधल्या आमच्या तेल कंपनीच्या वसाहतीत, तेव्हा मडमांचं एक दुकान होतं. आपल्याला नको असलेली वस्तू तिथे नेऊन द्यायची. ती विकली गेली की काही भाग आपला, बाकी गरीब रोग्यांना. कंपनीतल्या साहेबांच्या बायका ते फुकट चालवायच्या. या व्यवहाराला इंग्रजीत भलामोठा शब्द होता. तो म्हणायला कोणाला वेळ होता? आम्ही मराठी मंडळी म्हणायचो, "ठेवायला दिलं." पंखा दिसत नाही? ठेवायला दिला. मी स्वतः तिथून एक लोकरीचा ओव्हरकोट आणला होता. (कुवेतमध्ये ओव्हरकोट कशाला, असं कुसुमने विचारलं होतं. मी अजून उत्तर शोधतोय.)

तर कुसुम बाळंतपणासाठी हॉस्पिटलात, सासूबाई तिच्या उशाशी, आणि आमच्या क्वार्टरला रंग द्यायला माणसं येणार होती. कुसुम म्हणाली, "अहो, पलंगाखालचा खोका तेवढा ठेवायला देऊन या."

"आख्खा?"

"मग काय, अर्धा?"

तिच्या मनात होत्या शेजारच्या परकारभाभी. माझ्या मनात होतं दुकान. मी ड्राफ्ट्समन माणूस, नकाशात सुताइतकी चूक करत नाही, पण 'कोणाकडे?' एवढं विचारायचं राहिलं. खोका न उघडता दुकानात पोचवला आणि बायकोनं सांगितलेलं काम पहिल्या फटक्यात केल्याच्या आनंदात घरी येऊन झोपलो.

अकराव्या दिवशी मायलेकी बाळाला घेऊन घरी आल्या. सासूबाईंनी पाळणा पाहिला, पुसलेली लादी पाहिली आणि म्हणाल्या, "आता शेजारून खोका आणा, गोप्या त्यातच आहे."

मी परकारभाभींकडे गेलो. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "खोका? माझ्याकडे कुठला आलाय खोका, भाऊ?" आणि मला दुकान आठवलं. भाभींना सगळं सांगितलं. त्या आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या, मग मदतीला लागल्या. त्यांच्याकडे पितळी खलबत्ता होता. बत्त्याला झबलं घालून पाहिलं. झबलं सरळ खाली घसरलं. मग थर्मासला घातलं. थर्मास छान दिसत होता, पण भाभी म्हणाल्या, "आपटला तर फुटंल, नि तुमची सासू तुम्हाला फोडंल. जावा, दुकानात जावा आधी."

दुकानात मिसेस हॉब्स नावाच्या मडमबाई बसल्या होत्या. कानपूरला बरीच वर्षं काढलेल्या, त्यामुळे हिंदी हुकमी. मी खोक्याचं विचारलं.

"भांडी बिक गया. शाल बिक गया," त्या आनंदाने म्हणाल्या. "पत्थर हम लिया."

"आपने? कशाला?"

त्यांनी समजावलं. इथल्या उन्हात पेस्ट्रीचं पीठ लाटताना लोणी वितळतं. हा दगड फ्रीजमध्ये ठेवला की बर्फासारखा गार. अशी लाटणी विलायतेतही मिळत नाही म्हणे. शनिवारी क्लबात त्यांची 'ॲपल पाय' स्पर्धेला होती. म्हणजे साताऱ्याचा गोप्या सध्या अंडी-लोण्याच्या शेजारी पहुडला होता!

"मॅडम," मी घाबऱ्या इंग्रजीत म्हणालो, "त्या दगडाला उद्या पाळण्यात घालायचंय."

बाईंनी चष्मा काढला. "दगडाला?"

"आधी दगडाला. मग मुलीला. त्याला टोपडंही शिवलंय."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हिशेबी आवाजात म्हणाल्या, "हम खुद लाएगा. हम देखेगा."

घरी मी 'गोप्या उद्या आणतो' म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी मिसेस हॉब्स फुलाफुलांचा फ्रॉक घालून, वरवंटा टर्किश टॉवेलात गुंडाळून आल्या. मी दारातच तो हिसकावून घेतला आणि मोरीत साबणाने तीनदा धुतला. सासूबाईंना सांगितलं, "भाभींकडे धूळ फार." भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर वर केली नाही.

बारसं मात्र झकास झालं. मडमबाईंनी पाळण्याखालून गोप्या घेतला तो इतक्या हळुवारपणे, की सासूबाईंचे डोळे भरून आले. मग पोरगी पाळण्यात गेली, मूठ तोंडात घालून झोपली, आणि मलाही भरून आलं. सात वर्षं आम्ही दोघंही रिकाम्या पाळण्यांच्या दुकानावरून मान वळवून जायचो. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

तेवढ्यात सासूबाईंनी मडमेला कौतुकानं विचारलं, "गोप्या इतका गार कसा हो? क्यों थंडा?"

"फ्रीज में था," मडमबाई म्हणाल्या. "हमारा दुकान में आपका साहब बेचने को दिया. हम खरीदा."

पाळण्याची दोरी कुसुमच्या हातातच राहिली. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग मडमेकडे वळून अतिशय शांतपणे विचारलं, "तुमच्या दुकानात जावई ठेवून घेता का? जावई लेता?"

मिसेस हॉब्सना थट्टा कळली की नाही, देव जाणे. त्यांनी चष्मा नीट केला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "चालू है?"

"छे हो," कुसुम दोरी ओढत म्हणाली. "चालू असते तर पाळण्याआधी ओव्हरकोट आणला असता का?"

मडमबाईंनी खेदाने मान हलवली. बिघडलेला माल दुकानात घेत नसत.