ओदीलने सांगितलेला खून

ल्वार नदीकाठचे किल्ले दाखवण्यात ओदील बर्तोची सारी हयात गेली. नवरा वारला, लेक कॅनडात जाऊन राहिली. तिच्यापाशी उरली ती तूर शहरातून रोज सकाळी सुटणारी सहलीची बस. या वसंतापासून मात्र नावं तिच्या तोंडाशी येऊन अडायला लागली होती. म्हणून ड्रायव्हर गाएतां बस लावून पर्यटकांच्या घोळक्यात तिच्याजवळ उभा राहायचा आणि ती अडली की हळूच नाव सांगायचा.

आज ती अडलीच नाही. व्हिलब्रांच्या किल्ल्यात, तिथल्या पलंगापाशी, तिनं ड्यूकचा खून असा रंगवला की दोघीतिघींनी डोळे पुसले. गाएतांला मात्र ठाऊक होतं: तो खून इथला नव्हताच, जेवणानंतरच्या किल्ल्यातला होता.

बसपाशी त्यानं तिला गाठलं. "अगं बाई, ड्यूकला आत्ताच मारलंस. दुपारी कुणाला मारणार?"

"गप रे मेल्या!" ती हसली. मग हसू ओठांवरच वाळलं. "आपण कुठल्या किल्ल्यात होतो?"

त्यानं बसचं दार उघडून धरलं.

"ऑफिसात सांगू नकोस," ती त्याची बाही धरून म्हणाली. "घरी बसून काय भिंतींना गोष्टी सांगू?"

दुपारी, ड्यूकच्या खऱ्या किल्ल्यात, तिनं तोच खून, त्याच शब्दांत सुरू केला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी फिस्सकन हसलं. गाएतां पुढं झाला. "मंडळी, पुढचं मी सांगतो."

ओदील मुकाट घोळक्यात जाऊन उभी राहिली. जरा वेळानं शेजारच्या बाईला तिनं कुजबुजत विचारलं, "मग? मेला का हो तो?"