हं म्हणायला कोणीतरी

अकोल्यात नात्यातलं लग्न असलं की पंगतीत कोणीतरी विचारणारच, "आजकाल काय करून राहिला बाप्पा?" बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी मी सोडली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती लहान मुलांची चित्रांची पुस्तकं लिहायला सोडली, हे मात्र कुणाच्या गळी उतरत नव्हतं. एका लग्नात मामांनी माझं पहिलं पुस्तक हातात घेतलं, जिलबी यायच्या आत वाचून संपवलं आणि विचारलं, "चित्रं तू काढले?"

"नाही."

"मंग तू केलं काय?"

प्रश्न रास्त होता. चित्रात जे दिसतं ते शब्दांत लिहायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. त्यामुळे काम जितकं चांगलं होतं, तितकं आपण काहीच केलं नाही असं दिसतं. हेच सरकारी कचेरीत जमवलं असतं तर पेन्शन तरी लागली असती.

माझं काम माझ्या मायच्या भरवशावर चालायचं. आमच्या वऱ्हाडात गोष्ट सांगायची तर समोर कोणीतरी 'हं' म्हणणारं लागतं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. अमरावतीच्या घरी मी कोऱ्या कागदांना घड्या घालून चोपडी शिवायचो, पानापानावर एकेक वाक्य लिहायचो आणि मायसमोर बसून वाचायचो. पान उलटताना तिचा 'हं' आला तर वाक्य राहायचं, नाही आला तर कापायचं. पुण्यामुंबईचे लेखक कार्यशाळा करतात, माझ्याकडे माय होती.

तिसरं पुस्तक तान्ह्या पोळ्याचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात. बायका बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. माझ्या गोष्टीतल्या पोरीच्या बैलाचं चाक निखळतं, म्हणून ती बैल डोक्यावर घेऊन निघते. शेवटच्या घरची काकू अगदीच ठेंगणी असते. तिचा हात बैलापर्यंत पोचत नाही, तेव्हा ती पोरीलाच कुंकू लावते, ओवाळते आणि वर तिच्या तोंडापुढे बैलाला चारायच्या सरकीच्या ढेपेचा तुकडा धरते. संपलं.

पुण्याच्या संपादकबाईंना ते संपलेलं वाटलं नाही. "यात बोध कुठाय? शाळा बोधाशिवाय घेत नाहीत हो," असं म्हणून शेवटच्या पानावर त्यांनीच एक ओळ घातली: संकटात कधीही हार मानू नये. ओळ नको असेल तर पुस्तक छापणं अवघड आहे, हेही त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. आधीच्या दोन पुस्तकांत मी त्यांचा बोध मुकाट गिळला होता. या वेळी अंगाचा तिळपापड झाला. पण पुस्तक गेलं तर पुढच्या लग्नात मामांसमोर कोणत्या तोंडाने बसायचं, ही धास्तीही होतीच. म्हटलं, मायलाच ठरवू दे.

ओळीसकट वाचलं. "हं."

ओळ गाळून वाचलं. "हं."

मला शंका आली. मी पान उलटलं आणि त्याच सुरात रेल्वेची स्टेशनं म्हणायला लागलो, "अकोला, बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा."

"हं," माय म्हणाली. चांगली रंगली होती.

मी जवळ सरकून मोठ्याने विचारलं, "माय, तुले आयकू येते काय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कमीच येते."

"कधीपासून?"

"तुया दुसऱ्या पुस्तकापासून."

म्हणजे दुसऱ्या पुस्तकातली मी कापलेली वाक्यं बिचारी निर्दोष होती. माय नेमकी तेव्हा जांभई देत असणार. मी हसायला लागलो आणि हसत हसतच विचारलं, "मंग सांगितलं काहून नाही?"

"हं नाई म्हटलं तं तू सांगनं बंद करशीन," ती म्हणाली. "मंग माह्यासंग बोलन कोन?"

माझं हसू तिथेच संपलं. मला फार वाईट वाटलं, आणि ती मला सोडून दुसरीकडे बघत राहिली म्हणून आणखी वाईट वाटलं.

मग आत जाऊन पुण्याहून आलेली कच्ची चित्रं आणली आणि तिच्या शेजारी बसलो. एक शब्द न बोलता पानं उलटत गेलो. चाक निखळलं तेव्हा ती "अगं माय!" म्हणाली. काकूने पोरीला कुंकू लावलं, तोंडापुढे ढेप धरली आणि माय अशी हसली की तिला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. त्या चित्राखाली संकटात हार मानू नये असं लिहायचं म्हणजे त्या हसण्यावर गार पाणी ओतायचं. मी बाईंना कळवलं, ओळ काढा. त्यांनी पुस्तकच काढून टाकलं.

मामांनी गेल्या लग्नात पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, मायले गोष्टी सांगून राहिलो. त्यांनी जास्त चौकशी केली नाही.

आता चौथं पुस्तक चालू आहे, मेळघाटातल्या वाघाचं. ते कोण छापणार, पत्ता नाही. मायला दाखवायला चित्रं लागतात, म्हणून ती मीच काढतो. काल तिने पहिलं पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"हे मांजर काहून रडून राहिलं?"

"वाघ हाय तो!" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"हं," माय म्हणाली. "मंग?"