वटारच्या काकांविषयीचं पत्र

माझं एमबीए सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी एका माणसाला गटातून काढून टाकण्याचं पत्र लिहिलं. पत्र सहा-सात ओळींचंच होतं. पण ते मी लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं.

आमचं घर विरार पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर. वडील एका कचेरीत क्लार्क. साताऱ्याकडची सगळी नाती धरली तरी आमच्यात एमबीएला कोणी गेलेलं नव्हतं. प्रवेश परीक्षेत बरे गुण पडले आणि वसईतल्याच एका कॉलेजात नंबर लागला, तेव्हा वडिलांनी सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा पेढा दिला. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. पुढे बी.कॉम.ची पुस्तकं इंग्रजीत होती, पण इंग्रजी बोलायची वेळ कधी आली नाही. इथे ती पहिल्याच दिवशी आली.

प्रत्येकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी चार वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं तिसरं दुसऱ्याच्या आधी बोलले आणि मग चौथं आठवेचना. कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाने फक्त वळून पाहिलं. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते.

थोड्या वेळाने मागून एक गृहस्थ उठले. पंचेचाळिशीचे असतील. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते मराठीतच बोलले. "मी वटारचा. आमची केळीची आणि चाफ्याची वाडी आहे. पदवी घेऊन वीस वर्षं झाली. आमच्याकडे राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, ती मला करता येतात. नीट विकता येत नाहीत, म्हणून आलोय."

सर म्हणाले, "छान." वर्गात थोडी कुजबुज झाली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण आता वर्गात वेगळी दिसणारी मी एकटी नव्हते.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि ते माझ्याच गटात आले. आम्ही पाच जण होतो. गटप्रमुख झाला तो पुढच्या बाकावरचा मुलगा. इंजिनिअर, दोन वर्षं नोकरी करून आलेला, इंग्रजी अगदी सहज बोलणारा. नालासोपाऱ्याच्या दोघी मैत्रिणी होत्या, त्या एकमेकींशिवाय हलत नसत. मग मी आणि वटारचे ते गृहस्थ. सगळे त्यांना 'काका' म्हणू लागले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काका कशाला? मी पण पहिल्या वर्षालाच आहे." पण कोणी ऐकलं नाही. मीही काकाच म्हणत राहिले.

पहिलं काम मिळालं ते सर्वेक्षणाचं. वसई-विरारमधली कुटुंबं फळं कुठून घेतात आणि का, हे साठ जणांना समोरासमोर विचारून फॉर्म भरायचे. प्रत्येकाच्या वाट्याला बारा. मुदत दहा दिवसांची होती. आठ दिवस आम्ही काहीच केलं नाही. नवव्या दिवशी गटप्रमुखाने कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बसा. तासाभरात होईल."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी पाहिलं की त्या दोघी आपापल्या फॉर्मवर वयं टाकायला लागल्यासुद्धा. एकीने विचारलं, "हिला दोन मुलं देऊ की तीन?"

मी माझे बारा फॉर्म भरले. तीन वेगवेगळी पेनं वापरली. काही अक्षरं तिरकी काढली, काही गोल. नालासोपाऱ्याचा रिक्षावाला, आगाशीची शिक्षिका, वसई कोर्टातला कारकून अशी माणसं मी तयार केली. एक फॉर्म मी वटारच्या साठ वर्षांच्या बाईचा केला आणि लिहिलं, केळी आवडत नाहीत. सगळ्यांनाच केळी आवडतात असं दिसलं तर संशय येईल, असं माझं डोकं चाललं होतं. वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. त्या टेबलावर पहिल्यांदाच मी बाकीच्यांच्या बरोबरीने काहीतरी करत होते.

तेवढ्यात काका आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फॉर्म होते. "साडेअकरा झालेत," ते म्हणाले. "बारावी बाई अर्धा भरेपर्यंत तिची बस आली." वसईच्या बाजारात फुलं पोचवून झाली की दोन दिवस ते तिथेच उभे राहून लोकांना विचारत होते.

मग त्यांचं टेबलाकडे लक्ष गेलं. त्यांनी एकेक फॉर्म उचलून पाहिला. माझ्याजवळचेही पाहिले.

"हे कोणाला विचारलं?"

"काका, झालंय ते. उद्या सबमिट करायचंय," गटप्रमुख म्हणाला.

"पण विचारलं कोणाला?"

"सगळेच असं करतात. सर काय घरोघर जाऊन बघणार आहेत?"

"मग आकडे काढून उपयोग काय? एक दिवस आहे अजून. मी संध्याकाळी आगाशीला उभा राहतो. तुम्ही दोघंदोघं जा कुठेतरी. होतील तेवढे होतील. कमी झाले तर कमी झाले म्हणून सांगू."

गटप्रमुखाने पुढचा कोरा फॉर्म ओढला. काका आपले फॉर्म टेबलावर ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आगाशीचे आणखी नऊ भरून घेऊन आले. तोवर आमचे साठ जमा झाले होते. त्यांचे साडेअकरा त्यात नव्हतेच. गटप्रमुखाने त्यांच्या वाटचेही स्वतःच भरले होते.

त्या आठवड्यात सरांनी नियम सांगितला. एखादा सदस्य सहकार्य करत नसेल तर गट लेखी कारण देऊन त्याला वगळू शकतो. त्याने मग काम एकट्याने करायचं. गटप्रमुखाला हे पुरेसं होतं. "आज ना उद्या काका सरांकडे जाणार," तो म्हणाला. "त्याआधी आपण जाऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लिही. तुझं लिखाण नीट आहे. बोलायला तुला जमत नाही, तर हे तरी कर."

नाही म्हणता आलं असतं. पण गटातून एकाला काढता येतं हे मला नुकतंच कळलं होतं, आणि काकांच्या नंतर दुसरं कोण असेल हेही मला माहीत होतं.

मी घरी बसून पत्र लिहिलं. इंग्रजीत. शब्दकोश उघडून, तीनदा खोडून. काका दोन बैठकांना आले नव्हते, ते लिहिलं. वाडीला पाणी द्यायचं असल्यामुळे येणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं, ते लिहिलं नाही. शेवटी एक वाक्य घातलं की वयामुळे त्यांना गटाच्या वेगाशी जुळवून घेता येत नाही. हे वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझंच होतं. इंग्रजीत ते फार सफाईदार उतरलं आणि ते जमलं म्हणून मला आनंद झाला होता. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सलतो तो हा आनंद.

सरांनी आम्हा पाचही जणांना केबिनमध्ये बोलावलं आणि पत्र मोठ्याने वाचलं. मग काकांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी जमिनीकडे पाहत होते. आता ते फॉर्मांचं सांगणार, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "माझा वेग कमी आहे हे खरं आहे, सर."

दुसऱ्या दिवसापासून ते कॉलेजला आले नाहीत.

घरी आई विचारायची, "जेवत का नाहीस नीट? अभ्यास जड जातोय का?" मी हो म्हणायची. वडील शेजाऱ्यांना सांगत होते की हिला पहिल्याच प्रकल्पात चांगले गुण पडलेत. पडलेच होते. सरांनी वर्गात आमच्या गटाचं कौतुक केलं होतं. 'नमुन्यात सगळ्या थरांतली माणसं दिसतात,' असं ते म्हणाले होते. ती माणसं मी तीन पेनांनी केली होती.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी रविवार होता. आईला मैत्रिणीकडे जाते सांगून मी विरारहून बस धरली आणि वटारला उतरले. केळीची-चाफ्याची वाडी तिथे सगळ्यांचीच, पण 'कॉलेजला जातात ते' म्हटल्यावर एका बाईने लगेच घर दाखवलं.

काकांच्या पत्नी ओटीवर चाफ्याची फुलं निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या वर्गातली म्हणून सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "ये, बस. तुमच्याबद्दल सांगतात ते. हुशार पोरं आहेत म्हणतात." मग त्यांनी विचारलं, "अजून किती दिवस सुट्टी आहे गं तुम्हाला?"

म्हणजे काकांनी घरी सुट्टी आहे असं सांगितलं होतं.

"आहे अजून थोडे दिवस," मी म्हणाले.

त्यांनी पाणी दिलं, वर दोन सुकेळी दिली. मग आत वाडीकडे तोंड करून आपल्या घरच्या बोलीत काकांना हाक मारली. मला त्यातलं अर्धंच समजलं. काकांनी तिकडूनच ओ दिली. मी निघाले आणि पायवाटेने वाडीत गेले. ते बावखलापाशी, म्हणजे वाडीतल्या लहानशा तळ्यापाशी, पाण्याचा पाइप जोडत होते. मला पाहून त्यांनी हात पुसले, पण बस म्हणाले नाहीत.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "काका, ते पत्र मी लिहिलं."

"अंदाज होता."

"वयाचं वाक्यही माझंच आहे. गटातल्या कोणी सांगितलं नव्हतं."

या वेळी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ते मला नव्हतं माहीत," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुला कोणीतरी ते लिहायला लावलं."

मी विचारलं, "तुम्ही सरांना फॉर्मांचं का नाही सांगितलं?"

"पाच जण होतो आपण त्या खोलीत. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. मी तुझ्याकडेच बघत होतो."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. पाइपला क्लिप बसवली, हाताने ओढून पाहिली. मग म्हणाले, "आणि वटारची बाई केळी आवडत नाहीत असं लिहून देणार नाही. निदान एवढं तरी विचारायचंस कोणाला." त्यांच्या आवाजात चेष्टा होती की राग, मला आजही ठरवता येत नाही.

"मी सरांना सांगते," मी म्हणाले.

"सांग किंवा नको सांगू. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस." मग म्हणाले, "घरी सुट्टीचं बोललीस काही?"

"आहे म्हणाले."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि पाइप घेऊन पुढच्या सरीकडे गेले.

सोमवारी मी सरांच्या केबिनबाहेर तास-दीड तास उभी राहिले. दोनदा परत फिरले. शेवटी आत गेले आणि मराठीत सगळं सांगितलं. माझे बारा फॉर्म खोटे आहेत, आणि पत्रातलं कारणही. बाकीच्यांचं काय, हे सरांनी विचारलं. मी म्हटलं, ते त्यांना विचारा. त्यांनी विचारलं. आमचे गुण काढून घेतले आणि सगळं सर्वेक्षण नव्याने करायला लावलं. मला नव्या फॉर्मांसाठी वसईच्या बाजारात चार दिवस उभं राहावं लागलं. पहिल्या दिवशी बाजारात आलेल्या तीन बायकांनी मला हाताने बाजूला सारलं. गटातल्या तिघांनी त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नाही. गटप्रमुख एकदाच म्हणाला, "तुला चांगलं व्हायचं होतं, तर आधी व्हायचं होतंस." त्याचं म्हणणं चूक होतं असं मला अजून म्हणता येत नाही.

सरांनी काकांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले. गटात परत यायला त्यांनी नकार दिला आणि काम एकट्यानेच केलं, सुकेळींवर. ते मांडताना वर्गापुढे ते मराठीत बोलले, कुठेही न अडखळता. बाजारात विचारलेल्या बायकांची उत्तरं त्यांनी त्यांच्याच शब्दांत सांगितली. वर्ग शांतपणे ऐकत होता. जिन्यात भेटलो की ते मला 'कसं चाललंय?' विचारायचे, मी 'बरं चाललंय' म्हणायची. मला आणखी काही हवं असायचं, पण ते काय हे मलाही सांगता आलं नसतं, आणि ते देणं त्यांचं काम नव्हतं.

पहिल्या सत्राची परीक्षा त्यांनी दिली आणि पासही झाले. दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा ते आले नाहीत. ऑफिसात विचारलं तर कळलं, वाडी आणि कॉलेज दोन्ही जमत नाही असं कारण लिहून त्यांनी प्रवेश रद्द केलाय. कदाचित तेवढंच खरं असेल. चाफ्याचा बहर वाढला की वाडीत माणूस लागतोच, हे मला त्या रविवारी त्यांच्या पत्नीकडून कळलं होतं. पण मी ते मानून मोकळी होऊ शकले नाही. फोन करून विचारण्याचंही धाडस झालं नाही. 'तुझ्यामुळे नाही' असं ते म्हणाले असते, आणि मला ते पटलं नसतं.

त्यानंतरच्या सोमवारी सर हजेरी घेत असताना काकांचा क्रमांक आला. सरांनी रजिस्टरमध्ये एक रेघ मारली आणि पुढचा क्रमांक पुकारला. वर्गात कोणी मान वर केली नाही.