शुद्ध केलेली बाटली

"बाटली खाली ठीव. आन् हात मागं घे."

पाटील बारवेच्या तोंडाशी उभा होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच हे ऐकलं. माझ्या अंगात दवाखान्याचा पांढरा कोट होता, हैद्राबादहून आणलेला. खिशात सरकारी कागद होता. या गावच्या पाण्याची तपासणी करावी, असं त्यावर उर्दूत लिहिलेलं. तपासणी करणारा मी. वैद्यकीच्या चौथ्या वर्षाचा विद्यार्थी.

पाटलानं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडं पाहत राहिला.

"तू शिदबाचा ना बे? म्हारवाड्यातला?"

"होय."

"मंग कावून आलास हिकडं? डाक्टर तू हैद्राबादेत. हितं तू शिदबाचाच हाय."

बारवेवर वीसेक माणसं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पण त्या सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं. मी बाटली खाली ठेवली. हात मागे घेतला. होय, घेतला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शूर समजायला नको.

गाव माझंच. तेलगावापासून चार कोसांवर. गावात पटकी लागली होती. जुलाब, उलट्या, आणि दिवसभरात माणूस चिपाडासारखं सुकून जायचं. रोज दोन-तीन मढी उठत होती. बीडहून मागणी गेली आणि विद्यापीठानं तिघांना पाठवलं. एक हैद्राबादचे डाक्टरसाहेब, पन्नाशीचे, थकलेले. दुसरा रंगनाथ, आष्टीकडच्या देशमुखाचा मुलगा, माझ्याच वर्गातला. तिसरा मी. मला मुद्दाम घेतलं होतं. म्हणे, गावची बोली याला येते.

बोली येत होती. गावही येत होतं. तरी मी आशेनं आलो. सांगायला लाज वाटते, पण आलो.

त्याचं कारण खुर्दबीन. आमचं सगळं शिक्षण उर्दूत. सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणायचं, रोगजंतूंना जरासीम. दुसऱ्या वर्षी उस्तादांनी सगळ्यांना जंतू वाढवायच्या एकेका ताटलीवर बोटं टेकवायला लावली. दोन दिवसांनी ताटल्यांवर ठिपके उगवले. माझ्या ताटलीवर उगवले. रंगनाथच्या उगवले. खुद्द उस्तादांच्याही. काचेखाली तेच गोल दाणे, तेच घोस. मला रडू फुटलं. वर्गातली पोरं समजली, स्पिरिट डोळ्यात गेलं. मला वाटलं होतं, सापडलं. हजारो वर्षांचा विटाळ खोटा आहे, हे दाखवणारं यंत्र सापडलं. एकदा गावाला याच्यातून पाहायला लावलं की झालं.

पुढे उस्तादांनी शिकवलं की शरीर परक्याला ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. आमच्या गावाचं शरीर मोठं हुशार. पटकीला त्यानं ओळखलं नाही. मला लगेच ओळखलं.

तर बारव.

बारवेच्या पाण्यात पटकीचे जंतू आहेत हे सिद्ध झालं, तर तहसीलदार बारव बंद करणार होता आणि त्यात लाल दवा टाकणार होता. पुराव्याशिवाय पाटील दवा टाकू देत नव्हता. पाणी लाल झालं तर मरीआई कोपेल म्हणे. म्हणजे सगळं त्या एका बाटलीवर होतं. ती मी सकाळी तीन तास उकळली होती. तोंडाला भाजलेल्या कापसाचा बोळा. आत बोटसुद्धा जाता कामा नये. ही कामं माझ्याच वाट्याची. जंतू वाढवायला मांसाचा रस शिजवावा लागतो, तोही बैलाच्या मांसाचा. रंगनाथ त्या भांड्याला शिवायचा नाही. त्यानं कधी नाही म्हटलं नाही, मीही कधी विचारलं नाही. वर्गात आमची वाटणी आपोआप झाली होती.

रंगनाथ पुढे झाला. "मी भरतो बाटली."

"थांबा, धाकले देशमुख," पाटील म्हणाला. "त्याचा हात लागलाय तिला."

त्यानं गुरवाला हाक मारली. गुरव तांब्या घेऊन आला. गोमूत्र होतं. त्यानं माझा बोळा चिमटीत धरून काढला आणि फेकला. बाटलीवर गोमूत्र ओतलं. मग आत ओतलं, खळखळून हलवलं, टाकलं. तुळशीचं पान आत सोडलं.

मी ओरडलो. "आत नको! आत काय घालू नगा, ती उकळलेली हाय!"

पाटील शांतपणे म्हणाला, "उकळली आसंल. शुद्ध कुटं केली?"

मी रंगनाथकडं पाहिलं. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. निर्जंतुक म्हणजे काय, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर त्याला माझ्याहून जास्त गुण होते. त्यानं मान खाली घातली, ती शुद्ध केलेली बाटली घेतली, बारवेत उतरला आणि भरून आणली.

ते पाणी रात्रभर रसात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला थेंब काचेखाली धरला. काय नव्हतं त्यात! लांब, आखूड, गोल, जोडीनं फिरणारे, साखळीनं फिरणारे. शेकडो जातींचे जंतू एकमेकांना खेटून. त्यात पटकीचा कोणता, ते देवालाही सांगता आलं नसतं.

डाक्टरसाहेबांनी पाहिलं आणि वहीत लिहिलं, नमुना खराब.

त्याच दिवशी माझी थोरली बहीण गोदा आजारी पडली.

आमच्या बायका बारवेपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. त्या पाण्याला आमचा हात चालत नव्हता. आमच्या पोटात गेलेलं चालत होतं. आल्या दिवशीच मी गोदाक्काला बजावलं होतं, पाणी उकळून पी. ती हसली होती.

"आरं बाबा, घागरभर पानी उकळाया सरपन कुटून आनू? भाकरीपुरतं न्हाई."

यावर माझ्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी तिला पहिली उलटी झाली. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. मला सगळं माहीत होतं. तो जंतू कसा दिसतो, कुठल्या पाण्यात वाढतो, आतड्यात जाऊन काय करतो, सगळं. लिहायला दिलं असतं तर दहा पानं लिहिली असती. हैद्राबादेत शिरेतून मिठाचं पाणी देतात. इथं ना सुई होती, ना नळी. मी चमच्यानं मिठाचं पाणी पाजत राहिलो. ती ओकत राहिली. माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं बघायची. तिला वाटत होतं, लेक डाक्टर आहे, काहीतरी करील. तिची ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर चढायच्या आत गोदाक्का गेली.

माती देऊन मी चावडीवर आलो. तिथं आमचा मुक्काम होता. रंगनाथ म्हणाला, "लई वाईट झालं रे."

मी म्हणालो, "माझ्याकडं दुसरी बाटली आहे. उकळलेली. घेऊन जा. या बारीला कुणाला आत हात घालू देऊ नको. एवढं कर."

तो म्हणाला, "पाटील माझ्या मामाचे व्याही हायत. मी काय सांगू त्यांना? उद्या आपल्याला पुढच्या गावाला जायचंय. सोड आता."

रंगनाथ वाईट माणूस नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं.

मी बाटली उचलली. विचार केला, ठरवलं, असं काही नाही. उचलली आणि चालू लागलो. भर दुपार होती. बारवेवर बायका होत्या. मी पायऱ्या उतरलो. जन्मल्यापासून परवापर्यंत मी ती बारव वरूनही पाहिली नव्हती. आत गारवा होता. शेवटच्या पायरीवर बसलो, बोळा काढला आणि बाटली पाण्यात बुडवली. मनगटापर्यंत हात पाण्यात गेला. वर किंकाळी उठली. घागरी पालथ्या झाल्याचे आवाज आले. मी बोळा नीट बसवला. घाई केली नाही. घाई केली की बोळा ओला होतो आणि नमुना वाया जातो.

वर आलो तेव्हा काठ्या तयार होत्या. बाटली कोटाच्या आत छातीशी धरून मी गुडघ्यांत डोकं घातलं. एक काठी कानावर बसली. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. डाक्टरसाहेब धावत आले, "सरकारी आदमी है, छोडो!" म्हणून ओरडले, तेव्हा कुठे सोडलं.

बाटली शाबूत होती. त्यातलं पाणी मी रसात मिसळून ठेवलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात जंतू वाढवायला वेगळी ऊब द्यावी लागत नाही. सकाळी रसावर पातळ साय आली. त्यातला थेंब काचेखाली धरला आणि ते दिसले. स्वल्पविरामासारखे वाकडे. माशांच्या पिलांसारखे पळत होते. दुसरं फारसं काही नाही, जिकडंतिकडं तेच.

डाक्टरसाहेब बराच वेळ डोळा लावून होते. "वही है," म्हणाले.

मग रंगनाथनं पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. ज्या क्षणासाठी मी चार वर्षं शिकलो, तो हाच होता. मी म्हणालो, "आता सांग. विटाळ कुणाचा?"

तो खुर्दबिनीपासून बाजूला झाला. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, जंतू वेगळे आन् विटाळ वेगळा. विटाळ खुर्दबिनीत दिसत नसतो."

त्यानं पाहिलं होतं. त्याला पटलंही होतं. तरीही. माझ्या हाताबद्दल जे तो जन्माआधीपासून मानत आला, ते कुठल्याही काचेखाली मावणारं नव्हतं.

बारव बंद झाली. तहसीलदाराचा हुकूम यायच्या आत गावानंच बंद केली. महार उतरला म्हणून. सगळं पाणी मोटेनं उपसलं, चुना टाकला, भटजी बोलावले. तोवर सगळे नदीच्या वाळूत झरे खणून पाणी प्याले. आठवड्यात पटकी ओसरली. गाव म्हणालं, बारव शुद्ध केली, मरीआई शांत झाली.

आणि माझ्यावर तक्रार गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी.

डाक्टरसाहेब कागद घेऊन म्हारवाड्याच्या तोंडाशी आले. माफीनामा होता. चार ओळींचा, उर्दूत. मेरे हाथ से बावडी नापाक हुई, मैं शर्मिंदा हूँ. सही केली तर प्रकरण मिटणार होतं. नाही केली तर विद्यापीठातून नाव कटणार होतं.

"दस्तखत कर दो, मियाँ," ते म्हणाले. "एक साल रह गया है. झगडा नक्को करो."

खरंच त्यांना माझं वाईट वाटत होतं. मी मायकडं पाहिलं. तिला उर्दू येत नव्हती, पण काय चाललंय ते तिला कळत होतं. तिनं माझे पाय धरले. माझ्या मायनं, माझे.

"कर बाबा सही. येक लेकरू गेलं माझं. तू तरी डाक्टर हो. काय लिवलंय ते कोन बगतंय?"

मी बघत होतो. तोच शब्द होता, नापाक, म्हणजे विटाळलेली. शिकलेल्यांनी लिहिलेला, सुंदर वळणदार अक्षरात. सही केली असती तर मी डाक्टर झालो असतो. आणि गोदाक्काला मारणारं पाणी पवित्र, घाण फक्त माझा हात, हे माझ्याच सहीनं खरं झालं असतं.

मी कागद उलटा केला. मागं लिहिलं, बावडीत पटकीचे जरासीम होते. मी पाहिले. डाक्टरसाहेबांनी पाहिले. रंगनाथ देशमुखांनी पाहिले. माझी बहीण त्या जरासीमांनीच मेली. खाली माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, जात लिहिली.

"नाम कट जाएगा," डाक्टरसाहेब म्हणाले.

"कटू द्या."

नाव कटलं. डाक्टर मी झालो नाही. मायनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्यातली चार वर्षं मी माझा हात स्वच्छ आहे हे दाखवण्यात घालवली. ज्यांना दाखवत होतो, त्यांना ते माहीतच होतं. आता कुणाला काही दाखवणार नाही. कुणाची परवानगी मागणार नाही. ज्या पाण्यानं माझी माणसं मरतात, त्या पाण्यात मी उतरणार. काठ्या तयार ठेवा.