चिनी राण्या आणि गावपळण

गेल्या दहा महिन्यांत मी निदान चाळीस चिनी राण्या मरताना पाहिल्या. कुणाला नवऱ्याने विष घातलं, कुणाला सख्ख्या बहिणीने विहिरीत ढकललं, एकीला बर्फात उभं करून मारलं आणि तिची सासू खिडकीतून बघत चहा पीत होती. मेल्या की ह्या बायका डोळे उघडतात आणि बघतात तर आठ वर्षं मागे! लग्नाचा आदला दिवस, समोर आरसा, आणि मागचं सगळं लख्ख आठवतंय. अजून काहीच घडलेलं नसतं. मेल्याशिवाय ह्या शहाण्या होत नाहीत, पण एकदा झाल्या की मग कुणाचं ऐकत नाहीत.

हे वेड मला लेकीने लावून दिलं. ती पुण्याला नोकरीला आहे. तिच्या वडिलांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा महिनाभर राहून ती परत निघाली आणि जाताना माझ्या फोनमध्ये ह्या चिनी मालिका शोधून देऊन गेली. हिंदीतून बोलतात, एकेक भाग थोडक्यात संपतो, बाबांचं मन रमेल म्हणाली. आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, म्हणून मी ह्यांची खाटच तिथे नेली. दुपारी पेज जेवून झाली की फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि बघत बसायचं.

हे बावीस वर्षं मालवणात रिक्षा चालवत होते. स्टँडपासून जेटीपर्यंतच्या वाटेत पर्यटकाला किल्ल्याचा अख्खा इतिहास सांगून व्हायचा, त्यातला अर्धा स्वतःचा. आता तोंडातून एक शब्द येत नाही. समजतं मात्र सगळं. पहिले काही दिवस त्यांनी ह्या मालिकांकडे पाठ फिरवली, पण मग गोडी लागली. दुष्ट सासू पकडली गेली की अर्ध्या तोंडाने हसायचे.

मी मात्र हसण्यासाठी बघत नव्हते. राणीने डोळे उघडले की मी आधी बघायची, हिला कुठल्या दिवसात परत पाठवलंय. मग स्वतःचा दिवस मनात धरायची. माझा ठरलेला होता. गावपळणीची पहिली संध्याकाळ.

आमच्या गावात दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. ढोल वाजतो, दारं ओढून घेतात आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री असा सगळा गाव शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. देवाने परतायचा कौल देईपर्यंत कुणी गावात पाऊल टाकायचं नाही. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या त्या अंगाला, झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, मुंबईची माणसं त्यासाठी रजा काढून येतात, चुली एकमेकींना लागून, फुगड्या, भजनं. लहानपणापासून मला दिवाळीपेक्षा ह्या तीन दिवसांची ओढ जास्त.

ह्या खेपेला आमच्या घरची बांधाबांध माझ्याकडे होती. माझ्या टापटिपीचा गावात बोलबाला आहे, आणि खरं सांगायचं तर तो मीच केलेला आहे. शिवेबाहेर गेल्यावर पहिल्याच चुलीला कळलं की जाऊबाई मीठ आणि आगपेटी घरीच विसरली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, हिचं डोकं मानेला जोडलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही खुंटीला टांगून आली असती. सगळे हसले. ती गरीब, तीही हसली.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं. तासाभराने पिशवी उपसताना माझ्या लक्षात आलं की ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी फ्रिजवर राहिल्या. डॉक्टरांचा कागदही त्यांच्याखालीच. झोपडीतून शेतापलीकडे आमच्या घराची कौलं दिसत होती. चालत दहा मिनिटं.

जेवायच्या आधी ह्यांनी विचारलं, "माझी गोळी हाडलंस मा गो?"

"हाडलंय तर," आणली म्हणून मी ठोकून दिलं.

भोवती पंधरा माणसं होती आणि मघाचं हसू अजून विरलं नव्हतं. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी गेले दहा महिने शोधते आहे, मिळत नाही.

मग मी जावेकडे गेले, गुडघे दुखतात म्हटलं आणि तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या. तिने अख्खं पाकीट दिलं. ह्यांची गोळी गुलाबी, लांबट. ही पांढरी, गोल. जेवण झाल्यावर अंधारात ती त्यांच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी हातावर ठेवेन ते त्यांनी कधी बघून तोंडात टाकलेलं नाही. तीही टाकली. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. दोन दिवसांत काय होतंय, असं मी मनाला सांगत होते. तिसऱ्या सकाळी हे शेळीचा खुंटा उपटायला वाकले ते तिथेच बसले. मी हाक मारली तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातून त्यांना गोव्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, प्रेशरच्या गोळ्या नियमित चालू होत्या का? जाऊ मागे उभी होती. मी चांगल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "हो डॉक्टर, एकही चुकलेली नाही." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

इकडे गावात कुजबूज सुरू झाली की कुणीतरी शीव ओलांडून आत गेलं असणार, त्याशिवाय असं होणार नाही. मानकऱ्यांनी घरोघर विचारलं. कुणीच गेलं नव्हतं. ते ऐकून मी हंबरडा फोडला. मी दहा मिनिटं चालून गेले असते तर काय झालं असतं? देवाने मला धरलं असतं. धरलं असतं तर बरं झालं असतं.

त्या मालिकांत एक राजवाड्यातली स्वैपाकीण होती. तिचा एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवायचा. संध्याकाळी तिच्या हातचं सूप पिऊन राजपुत्र मरायचा आणि ही परत पहाटे चुलीपुढे जागी व्हायची. एकदा ती वाडगा फोडायची, एकदा वेडाचं सोंग आणायची, एकदा स्वतःच सूप पिऊन टाकायची. मी तिच्याबरोबर प्रत्येक पहाटे उठत होते. तिच्या तिसऱ्या फेरीला मला सुचलं की मालवणातल्या औषधवाल्याला फोन केला असता तर त्याने गोळी ओळखली असती, दर महिन्याला त्याच्याकडूनच तर नेतो. पाचव्या फेरीला आठवलं की फ्रिजवर राहिलेल्या त्या कागदाचा फोटो लेकीच्या फोनमध्ये होता. लेक तर तेव्हा शेजारच्या झोपडीत मुलींबरोबर गाणी म्हणत होती. मी खाटेची कड घट्ट धरून बसले. वरातीमागून घोडं म्हणतात, माझी तर घोड्यांची रांग लागली.

सगळ्यात सोपा उपाय मात्र सुचला तिच्या चौदाव्या फेरीला. ह्यांना सांगायचं. सांगितलं असतं तर ते हसले असते, रिक्षा काढून मालवणला गेले असते, गोळ्या आणल्या असत्या आणि तीन दिवस येईल त्याला माझी फजिती तिखटमीठ लावून सांगितली असती. ह्या फजितीला मी घाबरले होते. फोन बंद केला आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

ह्या राण्यांचा मला हेवा वाटायचा तो मागे जायला मिळतं म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त अशासाठी की त्यांना कुणाला काही सांगावं लागत नाही. ज्याचा घात केला तो माणूस पुढच्या भागात ताजातवाना समोर उभा, त्याला काही ठाऊक नाही. घडलेल्या गोष्टीची माफी मागणारी एक बाई मला चाळीस मालिकांत भेटली नाही. मी शोधली. रोज दुपारी, एक संपली की दुसरी, डोळे चुरचुरेपर्यंत शोधली.

आणि माझं खोटं तिकडे कागदावर बसून आपलं काम करतच होतं. गोळ्या चालू असून झटका आला, म्हणून गोव्याच्या डॉक्टरांनी जास्त जोराच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. पावसाळ्यात व्यायाम शिकवणारे गृहस्थ कुडाळहून येऊ लागले. त्यांनी ह्यांना खिडकीचा गज धरून उभं केलं. एका सकाळी हे चार पावलं चालले. मी त्यांच्या जिभेवर साखर ठेवली. पण त्यानंतर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. दोनदा कोसळले. व्यायामवाले म्हणाले, प्रेशर फारच खाली जातंय, डॉक्टरांना विचारा, हे महिने हातचे गेले तर पाय असाच राहील. डॉक्टरांनी जुना कागद बघितला आणि मान हलवली. नियमित गोळ्या घेऊनही झटका आलेला माणूस, डोस कमी करायचा धोका कसा घेऊ? मी त्यांच्यासमोर उभी होते, वाक्य जिभेवर तयार होतं. ते तसंच घेऊन मी घरी आले.

त्याच आठवड्यात हे तिसऱ्यांदा पडले. कपाळाला खोक पडली. दुपारी जखमेवर पट्टी, तरी डाव्या हाताने फोनकडे बोट दाखवलं, लाव म्हणून. मी लावला नाही. खाटेजवळ जमिनीवर बसले.

"गावपळणीत मी तुमका दिलंय ती तुमची गोळी नाय होती," मी म्हटलं. "तुमची घराकडे रवली. माका सांगूक लाज वाटली. मी तुमका जावेची गोळी दिलंय. डॉक्टराकडेय खोटा बोललंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. समजलं नसावं असं मला क्षणभर वाटलं, वाटलं म्हणजे तशी आशाच वाटली. मग त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागलं. मी पुसायला हात नेला तर मान फिरवली.

मी उठले आणि डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. कुठली गोळी, किती दिवस, एवढं विचारलं. झटका त्यानेच आला का, हे मी विचारलं. कदाचित तसाही आला असता, कदाचित नसता, खात्रीने कुणी सांगू शकणार नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी डोस कमी करून दिला. लेकीलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग आठ दिवस केला नाही.

ह्यांनी माझ्या हातची गोळी घ्यायची बंद केली. जेवण घेत, अंग पुसून घेत, पण तळहातावर गोळी आली की ओठ मिटत. दुसऱ्या दिवशी मी बोटांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला तर दात आवळून धरले. शेवटी जावेला सांगावं लागलं, कशासाठी तेही. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ येऊन गोळी देऊन जाऊ लागली. तिच्या हातची मुकाट्याने घ्यायचे. मी दाराआड उभी राहून त्यांनी गिळली का ते बघायची. मालिका बंदच पडल्या. फोन डब्यावर धूळ खात होता.

पाचव्या दिवशी जावेला ताप भरला. सकाळी आली नाही. मी विनवलं, रागावले, खाटेच्या पायावर डोकं टेकलं. "माका कायव शिक्षा करा, पण गोळी घेवा. परत झटको इलो तर मी काय करू?" ते छताकडे बघत होते. मला दुसरं काही सुचेना. गोळ्यांचं अख्खं पाकीट त्यांच्या छातीवर ठेवलं, डॉक्टरांचा नवा कागद त्यांना दिसेल असा उलगडून बाजूला ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

कान आतच लावून ठेवले होते. मग पाकिटाचा कागद कुरकुरला. मी दारातून वाकून बघितलं. पाकीट दातांत धरून ते डाव्या अंगठ्याने गोळी ढकलत होते. पहिली निसटून खाटेखाली गेली. दुसरी निघाली. ती त्यांनी डोळ्यांजवळ नेली, पाकिटातल्या बाकीच्या गोळ्यांशी ताडून बघितली, आणि मग तोंडात टाकली. पाण्यापर्यंत हात पोचत नव्हता. त्यांनी दाराकडे बघितलं. मी धावत जाऊन भांडं ओठांना लावलं.

याला महिना झाला. अंधारी थांबली आहे, गज धरून ते परत उभे राहतात. पाकीट त्यांच्या उशीखाली असतं, मला हात लावू देत नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ मी पाणी घेऊन शेजारी उभी राहते. ते गोळी काढतात, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतात, माझ्यासमोरच, आणि तोंडात टाकतात. मग हात पुढे करतात. पाणी अजून माझ्या हातून घेतात.